चौथी तार जमिनीतून जाते

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडव्याच्या पाचटाविषयी बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे, पण तो तुमच्या फडातलाच आहे.

गेल्या गळीत हंगामाच्या आरंभी आपल्या एका गटात आडसाली उसाची तोड चालू होती. फडाच्या वरच्या बांधावर डी.पी. उभा. सकाळी साडेसातच्या सुमारास बीडकडचा एक गाडीवान भरलेली बैलगाडी फडाच्या तोंडाशी घेऊन आला आणि नाडा पुन्हा आवळण्यासाठी खाली उतरला. तेवढ्यात डाव्या बैलाने डी.पी.च्या खांबाशी उगवलेल्या हिरव्या गवताकडे मान लांबवली. खांबावरून एक लोखंडी पट्टी खाली उतरली होती, तिला त्याचे नाक लागले असावे. बैल हंबरला नाही, धडपडला नाही. जागच्या जागी कोसळला. जोडीदार जुवासकट ओढला गेला, पण शिवळ तुटली म्हणून तो वाचला. गाडीवान बैलाकडे धावत सुटला होता. मुकादमाने त्याला कवळ घालून मागे खेचले. त्या मुकादमाचे उपकार मानावेत तेवढे थोडे, कारण बैलापाठोपाठ माणूसही गेला असता.

कोणीतरी सबस्टेशनला फोन लावला आणि लाईन बंद झाली. नंतर तपास झाला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. डी.पी.वर आकाशातली वीज जमिनीत उतरवण्यासाठी जे तडितरोधक बसवलेले असतात (वायरमन त्यांना ‘एल.ए.’ म्हणतात) त्यांतला एक आतून निकामी होऊन ११ के.व्ही.चा दाब सरळ खालच्या पट्टीवर आला होता. आणि ती पट्टी जमिनीपासून वीतभर वर तुटलेली होती. तुटलेल्या तोंडावर चांगला गंज चढला होता, म्हणजे ती काल-परवा तुटलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तो बांध जेसीबीने साफ केल्याचे शेतमालकांनीच सांगितले. तेव्हाच तुटली असेल, किंवा कोणी मुद्दाम तोडली असेल. ते आता कळायचे नाही.

मला राहून राहून वाटते ते वेगळेच. त्या फडाची नोंद मी घेतली, उगवण मी पाहिली, लोकरी माव्यासाठी दोनदा तिथे गेलो. मोटारसायकल मी त्याच डी.पी.च्या सावलीत उभी करीत असे. वीतभर वर लोंबणारी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती मला दिसली नाही. हा लेख लिहायला बसलो त्याचे खरे कारण तेच.

आदल्या रात्री त्या लाईनीवर सगळ्या मोटारी व्यवस्थित चालल्या होत्या. एकही फेज गेला नव्हता. गटसभेत एक सभासद म्हणाले, “साहेब, लाईट तर चांगली होती की. मग फॉल्ट कसला?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी काही वीजतज्ज्ञ नाही, माझी पदविका शेतकीची. पण आपल्या कारखान्याच्या विद्युत विभागातील सहकाऱ्यांनी मला जे समजावून सांगितले आणि मी स्वतः जे पाहिले ते सांगतो.

सबस्टेशनपासून आपल्या डी.पी.पर्यंत ११ के.व्ही.च्या तीन तारा येतात. डी.पी.पासून पुढे मोटारीकडे चार येतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. मग ११ के.व्ही.ची चौथी तार कुठे गेली? ती जमिनीत आहे. सबस्टेशनमधल्या ट्रान्सफॉर्मरचा मधला बिंदू, म्हणजे न्यूट्रल, तिथल्या जमिनीला जोडलेला असतो. आपल्या डी.पी.चे लोखंड, टाकी आणि एल.ए. इथल्या जमिनीला जोडलेले असतात. मध्ये पाच-दहा किलोमीटर रान, ओढे, माळ, विहिरी. एरवी सगळे ठीक असते तेव्हा या वाटेने जवळजवळ काहीच वाहत नाही. पण एखादी चिमणी फुटली, एल.ए. निकामी झाला, तार चॅनेलवर पडली, की विजेला सबस्टेशनकडे परतायला हीच वाट. ती उघडी असेल तर एकदम मोठा करंट परत जातो, सबस्टेशनमधल्या रिलेला तो कळतो आणि ब्रेकर पडतो. अंधार होतो. आपण कपाळाला हात लावून म्हणतो, “गेली पुन्हा!”

त्या रात्री लाईट गेली नाही, कारण परतीची वाट तुटलेली होती. एल.ए. फुटला तरी करंटला जायला जागा नव्हती. सबस्टेशनला काहीच कळले नाही. दाब मात्र त्या लोंबत्या पट्टीच्या टोकापर्यंत येऊन थांबला होता, कोणाचा तरी पाय जमिनीला आणि अंग पट्टीला लागण्याची वाट बघत.

आकड्यांत सांगायचे तर, ११ के.व्ही. हा दोन तारांमधला दाब. एक तार आणि जमीन यांच्यामध्ये सुमारे ६,३५० व्होल्ट असतात. जमिनीच्या जोडणीचा अडथळा ओहम या मापात मोजतात. डी.पी.चे अर्थिंग ५ ओहम आणि सबस्टेशनचे १ ओहम धरले तर ६,३५० भागिले ६, म्हणजे हजार अँपिअरच्या वर करंट. असा करंट लपून राहत नाही, ब्रेकर पडतोच. तेच अर्थिंग वाळून, गंजून काही शे ओहमवर गेले की करंट दहा-वीस अँपिअरवर येतो. हा करंट एखाद्या साध्या लोडसारखाच, रिलेने तो ओळखावा कसा? आणि पट्टी तुटलीच असेल तर हिशोबच संपला.

म्हणूनच तुटलेली तार वाळल्या पाचटावर किंवा मुरमाड माळावर पडली तर पुष्कळदा लाईन चालूच राहते. पाचट कोरडे, माळ कोरडा, करंट परतत नाही. तार मेलेली दिसते, पण ती मेलेली नसते. पडलेली तार उसाच्या कांड्याने बाजूला सारणारे महाभाग मी पाहिले आहेत. कृपा करून असे कोणी करू नये. कोरड्या काठीचा उपाय घरातल्या २३० व्होल्टला एखादे वेळी चालून जातो, ११ के.व्ही.ला काठीचा भरवसा नाही.

बैलाविषयी आणखी थोडे. करंट जमिनीत शिरतो तिथे दाब सर्वांत जास्त आणि लांब जावे तसा कमी होत जातो, तळ्यात दगड टाकल्यावर लाटा पसरत विरतात तसा. म्हणजे पट्टीला हात न लावताही, जमिनीवर एक पाय इथे आणि दुसरा तिथे एवढ्यानेच अंगातून करंट जाऊ शकतो. माणसाचे दोन पाय हातभर अंतरावर असतात. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटरच्या आसपास, आणि मध्ये काळीज. जिथे माणसाला नुसत्या मुंग्या येतात तिथे जनावर मरते, त्याचे कारण हे. डी.पी.जवळ जनावर बुजले, पुढे जाईना, तर त्याला पराणी टोचण्याआधी मालकाने स्वतः थांबून विचार करावा.

कारखान्याच्या वीजघराशेजारचे स्विचयार्ड तुमच्यापैकी पुष्कळांनी वार्षिक सभेला येता-जाता पाहिले असेल. तिथे जमिनीवर जाड खडी पसरलेली आहे. मला कित्येक वर्षे वाटायचे की ती गवत उगवू नये म्हणून. गवत कमी होते हे खरेच, पण मुख्य काम दुसरे. खडी ओल धरत नाही, म्हणून तिच्यावर उभ्या माणसाच्या पायांतून करंट सहजी जात नाही. आणि खडीखाली साधारण गुडघाभर खोलीवर पोलादी पट्ट्यांचे जाळे पुरलेले आहे, एकमेकींना जोडलेल्या उभ्या-आडव्या पट्ट्या, सगळ्या यार्डभर. सबस्टेशनचे अर्थिंग असे असते. आणि त्याच लाईनीच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या बांधावर, काय असते? तीन खड्डे, एकेकात एक नळी किंवा सळई. एक एल.ए.साठी, एक न्यूट्रलसाठी, एक टाकी व लोखंडी सांगाड्यासाठी. त्या टोकाला यार्डभर जाळे आणि या टोकाला तीन सळ्या. त्यातलीही एक नांगराने उपटली तर काय राहिले?

आता मातीकडे येतो, तो माझा प्रांत. माती परीक्षणाच्या अहवालात ई.सी. म्हणून एक आकडा असतो, तो तुम्ही पाहिला आहेच. ई.सी. म्हणजे विद्युत वाहकता. मातीतल्या क्षारांचा अंदाज घेण्यासाठी आपण तो बघतो. पण शब्दशः तो तुमच्या मातीतून वीज किती सहज जाते त्याचाच आकडा आहे. नदीकाठची ओली काळी जमीन वीज चांगली वाहते. वरचा मुरमाड माळ वाहत नाही, तिथे एका सळईवर भागत नाही. जास्त सळ्या, आणि त्याही एकमेकींपासून निदान सळईच्या दुप्पट लांबीवर ठोकाव्या लागतात. जवळजवळ ठोकल्या तर दुसरीचा उपयोग अर्धासुद्धा होत नाही. हेच सूत्र आपण रोपांच्या अंतराला लावतो, गर्दी केली की कोणालाच पुरत नाही.

काळ्या जमिनीलाही खोड आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि भेग नेमकी सळईच्या कडेने गेली की सळई भोकात उभी राहिल्यासारखी होते, मातीला लागतच नाही. चोपण, क्षारपड रानात आणखी वेगळी तऱ्हा. वीज उत्तम वाहते, पण लोखंड खाऊन टाकते. वर पट्टी चकचकीत आणि खाली नळीचा नुसता गंजाचा चुरा. खड्ड्यात भरलेल्या मिठाचेही तेच. मीठ-कोळशाने ओल धरून राहते आणि अडथळा कमी होतो, पण मीठ पाण्याबरोबर वाहून जाते आणि जाता जाता नळी कुरतडते. एकदा भरले की जन्माचे झाले असे नव्हे.

एक गोष्ट मला अलीकडेच जाणवली. पूर्वी पाटपाणी होते तेव्हा बांधाच्या कडेपर्यंत ओल जायची, डी.पी.चा खड्डा आपोआप भिजायचा. आता आपणच मागे लागून ठिबक करून घेतले. ठिबक चांगलेच, त्यात शंका नाही, पाणी वाचते, ऊस वाढतो. पण ओल आता सरीपुरती राहिली, बांध वर्षातले सात-आठ महिने ठणठणीत कोरडा. ज्या अर्थिंगला आपल्या नकळत पाणी मिळत होते ते बंद झाले. ठिबकचा प्रचार करताना हे आमच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते, हे मान्य करतो.

विहिरीवरही तसाच बदल झाला आहे. पूर्वी मोटारीपासून लोखंडी पाईप थेट पाण्यात उतरायचा. कोणी मुद्दाम अर्थिंग केले नाही तरी तो पाईपच अर्थिंगचे काम करी. आता काळा एच.डी.पी.ई. पाईप आला. स्वस्त, हलका, गंजत नाही, आणि वीज जराही वाहत नाही. मोटारीची व स्टार्टरच्या पेटीची अर्थिंगची वायर तेव्हा नसली तरी निभावले. आता नसेल तर काहीच नाही.

“साहेब, पेटीला हात लावला की मुंग्या येत्यात, पण मोटार चांगली चालतीया,” असे एक वयस्क सभासद मला सांगत होते, आणि उपाय म्हणून त्यांनी पेटीसमोर लाकडी फळी टाकली होती. त्यांच्या घरातली सून, नातू पाणी सोडायला येतात, ते प्रत्येक वेळी फळीवर उभे राहतील याची हमी कोणी द्यावी? थोडा हिशोब बघा. मोटारीत एक फेज बॉडीला लागला. मोटारीचे अर्थिंग २० ओहम, डी.पी.च्या न्यूट्रलचे ५ ओहम. २४० व्होल्ट भागिले २५, म्हणजे साडेनऊ अँपिअर. पाच हॉर्सपॉवरची मोटार एरवीच सात-साडेसात अँपिअर घेते. फ्यूज कसा उडणार? तो उडत नाही, आणि पेटीवर १९० व्होल्टच्या आसपास दाब तसाच बसून राहतो. दोन्ही टोकांना २-२ ओहम असतील तर ६० अँपिअर, मग फ्यूज उडतो. अर्थात त्यात जाडजूड तांब्याची तार घातलेली नसेल तर. असले फ्यूज आपल्याकडे किती आहेत ते मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणजे शेतातल्या मातीत नुसत्या अर्थिंगवर विसंबून चालत नाही. जोडीला ई.एल.सी.बी. बसवावा. माणसाच्या बचावासाठीचा ई.एल.सी.बी. ३० मिली अँपिअरला, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट करंटला, पुरवठा तोडतो. मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग असावीत ही अट १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती आणि त्यांच्या जागी आलेल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही आहे. दोन कशासाठी? एक तुटले तर दुसरे उरावे म्हणून. आपल्या गटात दोन तर सोडाच, एक धड असलेल्या मोटारी शोधाव्या लागतात.

जमीन तारेसारखी वापरण्याची युक्ती जगात नवीन नाही. न्यूझीलंडमध्ये १९२५ च्या सुमारास लांबच्या वस्त्यांना एकाच तारेने वीज नेली, परतीचे काम पूर्णपणे जमिनीकडे सोपवले. ऑस्ट्रेलियातल्या दूरदूरच्या शेतांवर ती पद्धत खूप पसरली. पण तिथे इंजिनियरांनी माती मोजून, खोल अर्थिंग करून, करंटला मर्यादा घालून ती बसवली. आपल्याकडे मात्र काही जण एक फेज घेऊन दुसरी वायर खुंटीला बांधतात आणि ओली खुंटी जमिनीत ठोकून गोठ्यात बल्ब लावतात. बल्ब लागतो हे खरे. त्या खुंटीभोवती जमिनीत दाब पसरतो हेही खरे, आणि शेजारी बांधलेली म्हैस चार पायांवर उभी असते.

मग आपण काय करायचे? डी.पी.च्या कोणत्याही भागाला आपण हात लावायचा नाही, हे पहिले. खड्ड्यात पाणी घालायचे तेही वायरमनने लाईन बंद केल्यावर. पण बघायला कोणाची परवानगी लागत नाही. चार पावले लांब उभे राहून तीन पट्ट्या जमिनीत शिरताना दिसतात का, एवढे बघा. एखादी तुटलेली, लोंबती, किंवा नटाजवळ सुटलेली दिसली की मुलाबाळांना, जनावरांना लांब ठेवा आणि वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. १९१२ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. तोंडी सांगितलेले बांधावरच राहते. ताणाची तार असेल तर तिच्यात मध्ये चिनी मातीचा अंडा आहे का तेही पाहा. आणि अंडा असला तरी ताणाला जनावर बांधू नका. नांगरट, रोटाव्हेटर, जेसीबी यांच्या चालकाला खड्ड्यांची जागा आधी दाखवा. फड देताना टोळीच्या मुकादमालाही दाखवा, कारण ती माणसे परगावची असतात, तुमचा डी.पी. त्यांना माहीत नसतो. कोपी घालायला सपाट जागा म्हणून नेमकी डी.पी.जवळची पडीक जागा त्यांना दिली जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आणि लाईन ट्रिप झाली की सबस्टेशनच्या ऑपरेटरला “चार्ज करा, चार्ज करा” म्हणून फोनवर फोन करणे थांबवू या. उसाला पाणी द्यायची घाई मला कळते, माझीही नोकरी त्या उसावरच आहे. पण लाईन पडली याचा अर्थ कुठेतरी अर्थिंगने आपले काम केले. कुठे ते वायरमनला आधी बघू द्या.

वीज लागून माणूस वा जनावर दगावले तर विद्युत निरीक्षकांना कळवावे लागते, अशी तरतूद २००३ च्या विद्युत कायद्यात आहे. पंचनामा आणि पशुवैद्यकीय अहवाल होईपर्यंत जनावर हलवू नये. त्या दिवशी आम्ही घाईने ते केले असते तर गाडीवानाच्या हाती कागदसुद्धा राहिला नसता.

त्या डी.पी.चे पुढे काय झाले ते सांगतो. वीज कंपनीच्या माणसांनी लाईन बंद करून तिन्ही अर्थिंग सोडवून मोजली. तुटक्या पट्टीचा खड्डा सोडाच, न्यूट्रलचा धड दिसणारा खड्डादेखील ४२ ओहम भरला. नळी उपसली तर खालचा हातभर भाग गंजून गेलेला. नवीन नळ्या, नवीन पट्टी, नवीन एल.ए. बसले, खड्ड्याभोवती विटांचे कडे बांधले. पुन्हा मोजले तेव्हा ४ ओहमच्या आत आले. शेतमालकांनी ठिबकची एक नळी त्या कड्यांपर्यंत वाढवून घेतली, लाईन बंद असतानाच. सगळ्या कामाला दीड दिवस लागला.

भरपाईचा अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे. एका बैलावर गाडी चालत नाही आणि नवा बैल घ्यायला उचल पुरली नाही, म्हणून गाडीवानाने उरलेला बैल बाजारात विकला. यंदा तो ट्रॅक्टरच्या टोळीत बायकोबरोबर कोयत्यावर आला आहे. परवा त्याच रानात खोडवा तोडायची पाळी त्यांच्याच टोळीची होती. मी गेलो तेव्हा कोप्या घालून झाल्या होत्या, डी.पी.पासून दोन बांध पलीकडे.